भंगारवाला किलोवर मागतोय, पण जुन्या ऐरणीची खरी किंमत किती?

‘प्रश्न ऐरणीवर आला’ हे वाक्य आपण बातम्यांमध्ये रोज वाचतो. पण खरीखुरी ऐरण जवळून बघितलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. विळे, खुरपी, कुळवाची पास, नांगराचा फाळ हे सगळं एकेकाळी गावातल्या लोहाराच्या भट्टीवर तयार व्हायचं. मग कारखान्यात बनलेला माल आला, ट्रॅक्टर आला आणि अनेक गावांत भाता थंड पडला.

मागे राहिली ती ऐरण. गोठ्याच्या कोपऱ्यात नाहीतर घरामागे, गंज चढलेली. कधीतरी भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो, काटा खाली उतरतो आणि आजोबांनी ज्या लोखंडावर अख्खं घर चालवलं ते रद्दीसारखं किलोवर जातं.

दुसरीकडे उलटं चित्र आहे. हाताने सुऱ्या बनवण्याचा छंद लागलेली तरुण मंडळी जुनी ऐरण शोधत फिरतायत. २०१५ साली अमेरिकेत हिस्ट्री चॅनलवर ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात लोहार स्पर्धक घड्याळ लावून पाती घडवतात. असे कार्यक्रम आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून हा छंद अनेकांपर्यंत पोचला. ही मंडळी कधी रंग मारलेल्या बिडाच्या ठोकळ्यासाठी भरमसाट पैसे मोजून बसतात.

म्हणजे विकणाऱ्याला वस्तू कळत नाही म्हणून तो फसतो आणि घेणाऱ्यालाही कळत नाही म्हणून तोही फसतो. मग रास्त किंमत ठरवायची कशी?

आधी ऐरण कशाची आहे ते बघा

ऐरणीत पैसे असतात ते तिच्या वरच्या सपाट माथ्यात. बाकी सगळं त्याला आधार.

लोहार तापलेल्या लोखंडावर हातोडा मारतो तेव्हा खाली असलेला माथा टणक असावा लागतो. टणक असेल तर तो दबत नाही. घाव तापलेल्या लोखंडावरच खर्ची पडतो आणि हातोडा थोडा उसळून परत वर येतो. म्हणजे हातोडा उचलायचं काही काम ऐरणच करते. दिवसभरात हजारो घाव घालणाऱ्या माणसाच्या खांद्याला हा फरक संध्याकाळी कळतो. माथा मऊ असेल तर घाव निम्मा खाली जिरतो आणि एखादा फटका चुकला की ऐरणीवरच खड्डा पडतो.

जुन्या चांगल्या ऐरणी साधारण तीन प्रकारांनी बनलेल्या असतात. पहिला प्रकार इंग्लंडमधल्या जुन्या कारखान्यांचा. यात खालचं अंग घडीव लोखंडाचं आणि त्यावर पोलादाची जाड पट्टी भट्टीतच जोडून तिला पाणी दिलेलं. डडली गावचा पीटर राइट आणि शेफील्डची माउसहोल फोर्ज ही यातली मोठी नावं. दुसरा प्रकार अखंड ओतीव पोलादाचा. स्वीडनच्या कोलस्वाच्या ऐरणी अशा असतात. तिसऱ्यात अंग बिडाचं आणि माथा पोलादाचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, ट्रेंटन शहरात एकेकाळी बनणारी फिशर ही याचं ठळक उदाहरण. तिच्या अंगावर गरुडाचं चिन्ह असतं.

चौथा प्रकारही आहे, पण तो चांगल्यात मोडत नाही. नखशिखांत बिडाची ऐरण. दिसायला तंतोतंत तशीच. वर पोलाद नाही, पाणी नाही. तिच्यावर दणकून काम केलं की कडांचे तुकडे उडतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या नव्या ऐरणींमध्ये या भरपूर आहेत. गंज चढला की त्याही ‘अँटिक’ दिसायला लागतात.

आता आपल्याकडच्या ऐरणीचं काय? शिंग असलेली, मधे कंबर बारीक असलेली जी आकृती आपण चित्रात बघतो ती युरोपातली. तिला ‘लंडन पॅटर्न’ म्हणतात. आपल्या गावच्या लोहाराची किंवा गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबाची ऐरण बऱ्याचदा साधा चौकोनी ठोकळा असते. जमिनीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली, बसून काम करायला सोयीची. ‘शिंग नाही म्हणजे ही ऐरणच नाही’ असं सांगून कोणी भाव पाडत असेल तर ऐकू नका. सुरी घडवणाऱ्याला घावाखाली वजन आणि सपाट टणक माथा लागतो. शिंग त्याला क्वचितच लागतं.

गोळी टाकून बघा

ऐरण ओळखायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे बेअरिंगमधली स्टीलची गोळी. साधारण २५ मिलिमीटरची गोळी कुठल्याही गॅरेजमध्ये मिळून जाते. माथ्यावर पट्टी उभी धरायची, २५ सेंटिमीटर उंचीवरून गोळी सोडायची आणि ती उसळून कुठपर्यंत परत येते ते बघायचं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तर आकडा नीट दिसतो.

गोळी १८ सेंटिमीटर किंवा त्याहून वर आली, म्हणजे साधारण ७० टक्के उसळी मिळाली, तर ऐरण कामाची आहे. २० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर उत्तम. निम्म्यापर्यंतही येत नसेल तर ती बहुतेक बिडाची आहे किंवा तिचं पाणी उतरलेलं आहे.

ही चाचणी एकाच जागी करून थांबू नका. मध्यभागी, मागच्या टोकाला, कडेला अशी आठ-दहा ठिकाणी करा. सगळीकडे ८० टक्के आणि एकाच जागी अचानक ५० टक्के येत असेल तर तिथे खाली काहीतरी गडबड आहे. पोलादाची पट्टी अंगापासून सुटलेली असू शकते किंवा कोणीतरी तिथे वेल्डिंग करून खड्डा भरलेला असू शकतो. आणखी एक, गंजाचा जाड थर आणि ऑइल पेंटही उसळी खातात. चाचणीची जागा आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या. शिंग आणि माथा यांच्यामध्ये जी छोटी पायरी असते ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यावर गोळी टाकून ऐरणीला नावं ठेवू नका.

दुसरी चाचणी आवाजाची. लहान हातोडीने हलकी टिचकी मारली की चांगली ऐरण घंटेसारखी वाजते. बिडाची ‘ठप्प’ करते. तडा असेल तर आवाज फाटका, झरझरीत येतो. पण या चाचणीवर आंधळा विश्वास नको. वर सांगितलेली फिशर वाजतच नाही, तिची मुळात तशीच रचना आहे आणि गोळी मात्र झकास उसळवते. शिवाय ओंडक्याला घट्ट आवळलेली किंवा साखळी गुंडाळलेली चांगली ऐरणही मुकी होते. त्यामुळे नुसत्या आवाजावरून कोणी भाव पाडायला लागला तर त्याच्या हातात गोळी द्या.

तिसरी, कानशीची. माथ्याच्या कडेवर जुनी कानस हलकेच ओढायची. ती घसरून गेली तर माथा टणक आहे. लोण्यासारखी चावली तर मऊ. ज्या घराला किंवा दुकानाला आग लागली होती तिथून आलेल्या ऐरणीवर ही चाचणी करायलाच हवी. आगीत तापून हळूहळू थंड झालेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि बाहेरून ते अजिबात कळत नाही.

अंगावरचे आकडे काय सांगतात?

कंबरेवर, म्हणजे बाजूच्या अंगावर, खडू आडवा फिरवा. खडू नसेल तर गव्हाचं पीठ चोळा. किंवा अंधारात मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा. पुसट झालेली अक्षरं वर येतात.

इंग्लंडच्या जुन्या ऐरणींवर बऱ्याचदा तीन सुटे आकडे असतात. समजा १ • २ • १० असं दिसलं. हा सन नाही, मॉडेल नंबर नाही आणि १,२१० तर नक्कीच नाही. हे जुन्या ब्रिटिश पद्धतीचं वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा. नाव ‘शंभर’चं असलं तरी एक हंड्रेडवेट ११२ पाउंडांचा असतो. दुसरा आकडा त्याच्या पाव भागांचा, म्हणजे प्रत्येकी २८ पाउंड. तिसरा सुटे पाउंड. त्यामुळे १ • २ • १० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पाउंड. किलोत साधारण ८१.

दुसरा आकडा कधीच ३ च्या वर नसतो आणि तिसरा २७ च्या वर नसतो. मधे ५ किंवा ६ दिसत असेल तर तुम्ही चुकीचं वाचताय किंवा हा आकडा वेगळ्या पद्धतीचा आहे. अमेरिकन कंपन्या सरळ पाउंडात वजन घालायच्या. त्यामुळे नुसतं १५० दिसलं तर ते ६८ किलो असेल की १५० किलो, हा फरक व्यवहारात दुपटीचा आहे. शेवटी काट्यावर ठेवूनच बोला.

नाव सापडलं तर किमतीत भर पडते, पण कोणासाठी ते बघायला हवं. पीटर राइटच्या ऐरणीवर गोलाकार ‘सॉलिड रॉट’ असे इंग्रजी शब्द कोरलेले असतात, त्यासाठी संग्राहक जास्त पैसे देईल. रिचर्ड पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये ‘अँव्हिल्स इन अमेरिका’ नावाचं जाडजूड पुस्तकच काढलं. हे-बडन, ट्रेंटनसारख्या ऐरणींचा सीरियल नंबर बघून त्या कुठल्या काळात बनल्या ते सांगणारे लोक त्याच पुस्तकाचा आधार घेतात. पण ज्याला उद्या सकाळी कोयता घडवायचाय त्याला नावाशी काय देणंघेणं? उसळी ८० टक्के असलेली निनावी ऐरण त्याच्यासाठी पीटर राइटइतकीच चांगली.

कुठला दोष किती पैसे खातो?

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त चुकतात. जे दिसायला वाईट ते स्वस्त आणि जे चकचकीत ते महाग, असा हिशेब धरतात.

कडा थोड्या उडालेल्या असतील तर फार काळजी नको. माथ्याच्या कडेला कुठेतरी गोलाई लागतेच, नाहीतर तापलेल्या लोखंडात खाच पडते. एखादी बाजू फूटभर तरी धड असली म्हणजे झालं. माथा मधे किंचित खोलगट झालेला असणं हेही वयाचं लक्षण. अशा खोलगटपणात वाकडी पट्टी सरळ करायला उलट सोपं जातं. या दोन्ही गोष्टींसाठी थोडा भाव कमी करा, पण ऐरण सोडू नका.

पायापाशी किंवा बुडाला चौकोनी भोकं दिसली तर विकणारा कधी कधी बिचकतो आणि ‘थोडी खराब आहे’ म्हणून स्वतःच भाव उतरवतो. ती भोकं खराबी नव्हेत. कारखान्यात ऐरण घडवताना तो लालभडक ठोकळा उचलायला, फिरवायला दांडे अडकवायची ती जागा. उलट ती ऐरण घडीव असल्याची खूण आहे.

आता खरे दोष. माथ्यावरची पोलादाची पट्टी सुटायला लागली असेल तर ते गंभीर. मागच्या टोकाला एक चौकोनी भोक असतं, त्यात छिन्नीसारखी अवजारं बसवतात. तिथे लोखंड पातळ असतं, त्यामुळे तडा तिथूनच जायची शक्यता जास्त. ती जागा भिंग घेऊन बघा. शिंग तुटलं असेल तर गोलाईची कामं गेली. मागचं टोक तुटलं असेल तर त्या मानाने नुकसान कमी.

आणि सगळ्यात मोठा दोष दिसायला सगळ्यात सुंदर असतो. एखादा हौशी विक्रेता ऐरण मशीन शॉपमध्ये नेतो आणि माथा मशिनवर कापून आरशासारखा सपाट करून आणतो. फोटोत ती नव्यासारखी दिसते. पण टणक पोलादाची पट्टी मुळात जेमतेम बोटभर जाड, त्यातही वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेली. मशिनने त्यातला मोठा भाग खाल्लेला असतो आणि कधी कधी खालचं मऊ लोखंडच वर आलेलं असतं. हे नुकसान भरून येत नाही. खड्डेवाली, गंजकी, कोणी हात न लावलेली ऐरण अशा ‘रिस्टोअर’ केलेल्या ऐरणीपेक्षा जास्त मोलाची.

त्यामुळे घरची ऐरण विकायची असेल तर ग्राइंडर लावू नका, रंग मारू नका. तारेचा ब्रश, थोडं तेल, बस. रंगाखाली मोटारीच्या पत्र्याला भरतात तसली लांबी भरून खड्डे बुजवलेले असू शकतात हे घेणाऱ्यालाही माहीत असतं आणि ताजा रंग बघून तो आधीच सावध होतो.

आता हिशेब

रास्त किंमत काढायला आधी दोन आकडे लागतात. खालचा आकडा म्हणजे त्या दिवशीचा भंगाराचा दर गुणिले वजन. हा दर बदलत असतो, म्हणून दोन दुकानांत विचारा. वरचा आकडा म्हणजे तेवढ्याच वजनाची नवी पोलादी ऐरण घरपोच कितीला पडेल तो. बिडाच्या नव्या ऐरणीचा भाव इथे धरू नका, तुलनाच चुकेल. जुनी वापराची ऐरण या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. कुठे, ते गोळी आणि दोष ठरवतात.

एक उदाहरण घेऊ. दर फक्त गणितासाठी धरलेले आहेत. वर सांगितलेली ८१ किलोची ऐरण. समजा भंगार ३० रुपये किलो, म्हणजे खालची मर्यादा २,४३० रुपये. समजा नवी पोलादी ऐरण २५० रुपये किलोने घरपोच पडते, म्हणजे वरची मर्यादा २०,२५० रुपये. गोळीने सगळीकडे ७५ ते ८० टक्के उसळी दिली, कडा थोड्या उडाल्यात, माथा किंचित खोलगट. अशी ऐरण नव्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश किमतीला, म्हणजे १० ते साडेतेरा हजारांना गेली तर दोघांनाही वाईट वाटायचं कारण नाही. तीच ऐरण मशिनवर कापलेली आणि उसळी ४५ टक्के असेल तर ४ हजारसुद्धा विचार करून द्यावेत. आणि पहिल्या अवस्थेतली ऐरण दारात आलेल्या टेम्पोला २,४३० रुपयांत दिली तर घराचे किमान साडेसात हजार गेले.

या हिशेबात दोन गोष्टी लोक हमखास घुसवतात. एक, ई-बेवर अमेरिकेतली ऐरण बघायची आणि डॉलरला रुपयांनी गुणायचं. तिकडे घेणारे खूप आहेत, पाउंडामागे डॉलर असा भाव बोलायची रीतच पडलेली आहे. इथे ८१ किलोचं धूड उचलून न्यायला तयार असलेली माणसं मोजकी. शिवाय साइटवर दिसते ती मागितलेली किंमत. खरंच विकल्या गेलेल्या वस्तूंचा वेगळा फिल्टर असतो, तो लावला की अनेक स्वप्नं जमिनीवर येतात. दुसरी गोष्ट वाहतूक. कोल्हापूरची ऐरण नागपूरला न्यायची तर टेम्पोचं भाडं ऐरणीच्या किमतीत धरलंच पाहिजे, नाहीतर जवळची थोडी महाग ऐरण शेवटी स्वस्त पडलेली असते.

पर्याय काय आहे यावरही किंमत ठरते. सुरुवात करणारा माणूस जाड पोलादी ठोकळा ओंडक्यात रोवून काम भागवू शकतो. बरेच जण रेल्वे रुळाच्या तुकड्याचा सल्ला देतात. आपल्याकडचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो वजनाचे, त्यामुळे अर्धा मीटर तुकडाही बऱ्यापैकी काम देतो. पण इथे जरा थांबा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ नुसार चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती कायदेशीरपणे आल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे स्वतःचं भंगार लिलावाने विकते, तेव्हा लिलावातून आलेल्या मालाची पावती ज्या दुकानदाराकडे आहे त्याच्याकडूनच रूळ घ्या, आणि स्वतःच्या नावाचं बिल जपून ठेवा.

बिलाचा नियम ऐरणीलाही लागू. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस करताना हे विसरायला होतं. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून ऐरण येते तशी एखाद्या चालत्या लोहाराच्या पालावरून रात्रीत उचललेलीही येते. फिरस्त्या कुटुंबाची ऐरण गेली तर दुसऱ्या दिवसाची कमाई गेली. विकणारा कुठून आणली ते सांगत नसेल आणि भाव संशय येण्याइतका कमी असेल तर तो सौदा सोडलेला बरा. घरची ऐरण विकणाऱ्यानेही साध्या कागदावर नाव, तारीख, वजन, रक्कम लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की पुढची कटकट मिटते.

सौदा ठरल्यावर एक शेवटची घाई अनेकांना दवाखान्यात नेते. ८१ किलोची ऐरण आकाराने छोटी दिसते म्हणून एकटा माणूस शिंगाला धरून उचलायला जातो. वजन माथ्याकडे असल्याने ती हातात फिरते आणि बोटं खाली सापडतात. दोन माणसं, एक फळी, आणि टेम्पोत ती उभी न ठेवता आडवी निजवून दोन्ही बाजूंनी दोरीने आवळलेली. ओंडक्यातून उपटताना ओंडकाही सोबत मागून घ्या. वर्षानुवर्षं ऐरणीने त्यात आपली बैठक करून घेतलेली असते आणि विकणाऱ्याला तो बहुतेक वेळा चुलीतच घालायचा असतो.